रबर : हाताला, कानाला आणि खिशाला

(प्रस्तावना)

"सर, एवढ्याशा तुकड्याला कट्टाभर सोयाबीन?"

चाकूरच्या एका मुलीच्या वडिलांनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात रबराचं पाकीट होतं आणि उत्तर नव्हतं. तुकडा खरंच एवढासाच. टेबल टेनिसच्या बॅटची एक बाजू झाकेल इतका, जेमतेम वीतभर. आणि कट्टा म्हणजे आमच्याकडे पन्नास-साठ किलोचं भरलेलं पोतं. २०२५-२६च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. वरच्या दर्जाची जपानी रबरं बॅटच्या दोन्ही बाजूंना लावायची म्हटली तर एका क्विंटलात भागत नाही, तेही हमीभाव हातात पडला असं धरून. त्या गृहस्थांनी पैसे दिले. मुलीचा हात चांगला आहे, एवढं त्यांना दिसत होतं. पण पाकिटाकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती माझ्या डोक्यातून गेली नाही. ही पुस्तिका म्हणजे त्यांना उशिरा दिलेलं उत्तर.

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावी टेबल टेनिस म्हणजे गर्दीचा खेळ नव्हे. इथली मूळ आवड कुस्तीची, कबड्डीची. रामलिंग मुदगडचे पैलवान हरिश्चंद्र बिराजदार याच जिल्ह्याचे, त्यामुळे आखाड्याची माती कशी असावी यावर इथले म्हातारे तासभर बोलू शकतात. तिच्यात तेल किती, हळद किती, ताक किती, ती अंगाला लागते कशी आणि पाऊस पडून गेल्यावर वागते कशी. बॅटच्या रबराबद्दल मात्र असं बोलणारं माणूस शोधावं लागतं. मूल शाळेतून निवडून तालुक्याला जातं, तिथून जिल्ह्याला, आणि विभागीय स्पर्धेत पहिल्यांदा समोरच्याच्या बॅटला हात लावून बघतं. "सर, त्याच्या बॅटला बॉल चिकटतोय की!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते पुस्तिकेचं शीर्षक करावं असंही एकदा मनात आलं होतं.

मग प्रश्न सुरू होतात. कोणतं रबर चांगलं? कितीला येतं? किती दिवस जातं? दुकानदार पाकिटावरचे किंवा यादीतले आकडे वाचून दाखवतो. वेग इतका, फिरकी इतकी, नियंत्रण इतकं. हे आकडे ज्या त्या कंपनीनं स्वतःच दिलेले असतात. पेपर आपणच काढायचा, आपणच तपासायचा आणि गुणही आपणच द्यायचे. गुणपत्रिकांच्या या मुलखात एवढं सांगितलं की पालकांना पुढचं आपोआप कळतं. स्पंजच्या टणकपणाचे अंश छापलेले असतात, तेही एका मापाचे नसतात. चिनी मोजमापातले ४० अंश हाताला साधारणपणे जर्मन मोजमापातल्या ४७ अंशांहूनही टणक लागतात. दोन पाकिटं शेजारी ठेवून आकड्यांची तुलना करणारा बाप इथं हमखास फसतो. शिवाय युरोपातल्या आणि जपानमधल्या कितीतरी वेगवेगळ्या नावांची रबरं बव्हेरियातल्या ईएसएन या एकाच कारखान्यातून निघतात, हे कळल्यावर नावाचं वजनही थोडं उतरतं. सगळंच उतरत नाही. कारखाना एक असला तरी पाककृती वेगळी असते.

आता वस्तूकडे येऊ. आपण ज्याला सरसकट रबर म्हणतो ते दोन थरांचं असतं. वर पातळ रबराचा पत्रा, एका अंगाला गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाला बारीक खुंट्या, म्हणजे पिंपल. त्याच्या खाली स्पंज. खुंट्या आत वळवून स्पंजला चिकटवल्या की नेहमीचं गुळगुळीत रबर, बाहेर ठेवल्या की पिंपलचं रबर. चेंडू आदळला की आधी पत्रा ताणला जातो, मग खुंट्या वाकतात, मग स्पंज दबतो आणि सगळं उलट्या क्रमानं परत येतं. हे इतक्या थोड्या वेळात होतं की डोळ्याला काहीच दिसत नाही. हाताला मात्र कळतं, आणि त्याच्याही आधी कानाला. म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक रबराच्या नोंदीत आवाजासाठी वेगळी ओळ ठेवली आहे. काहींना तो माझा छंद वाटेल. त्यांनी आपल्याच मुंबईत घडलेली एक गोष्ट आठवावी.

फेब्रुवारी १९५२. टेबल टेनिसची विश्व अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदाच आशियात आली होती, आणि ती मुंबईत. तोवर जगभर बॅट म्हणजे लाकडावर थेट चिकटवलेलं खुंट्यांचं रबर, स्पंज नाही. फटका मारला की टॉक्, परतवला की टॉक्. खेळाडू या आवाजावर खेळायचे. समोरच्यानं किती जोरात मारलं हे चेंडू निम्म्यावर यायच्या आत कानानं सांगितलेलं असायचं. जपान या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. त्यांच्यातला हिरोजी सातो हा चष्मेवाला, किरकोळ अंगाचा खेळाडू लाकडावर जाड स्पंज चिकटवून आला. त्याच्या बॅटवरून चेंडू जाताना आवाजच येईना. चेंडू बुडायचा, क्षणभर रुतल्यासारखा व्हायचा आणि भलत्याच वेगानं बाहेर पडायचा. भले भले खेळाडू वेळ चुकवून हरले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातो जगज्जेता झाला, एकेरीतला पहिला आशियाई जगज्जेता. अमेरिकेचा मार्टी रिस्मनही या बॅटपुढे हरला आणि त्यानं स्पंजवरचा राग जन्मभर सोडला नाही. १९९७ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, त्यानं अमेरिकेची जुन्या पद्धतीच्या बिनस्पंजी बॅटची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दाखवली.

ही हकिकत सांगितली की मुलं विचारतात, मग सातो पुढे किती वेळा जिंकला? जगज्जेतेपद पुन्हा नाही. बॅटचं नवल एका स्पर्धेपुरतं पुरतं, पुढच्या वेळी समोरचा तयार असतो. पण जपान थांबला नाही. १९५४ मध्ये इचिरो ओगिमुरा स्पंजच्याच बॅटनं जगज्जेता झाला, आणि त्याच्यामागे सराव उभा होता. मुंबईत सुरू झालेला गोंधळ आंतरराष्ट्रीय महासंघानं १९५९ मध्ये नियम करून मिटवला. नुसता स्पंज बंद. बिनस्पंजी पिंपलचं रबर जास्तीत जास्त २ मिलिमीटर आणि स्पंजसकट रबर जास्तीत जास्त ४ मिलिमीटर जाड, गोंद धरून. आज तुम्ही दुकानात १.८, २.० किंवा 'मॅक्स' अशा जाडीवरून घासाघीस करता, ती या ४ मिलिमीटरच्या आत चाललेली असते.

आवाजाचा दुसरा किस्सा लाल आणि काळ्या रंगाचा. एके काळी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण स्वभावानं अगदी उलट रबरं लावायची आणि खेळता खेळता बॅट हातात फिरवायची, अशी युक्ती चालली. एका बाजूला फिरकी देणारं, दुसऱ्या बाजूला फिरकी खाऊन टाकणारं अँटी. डोळ्यांना फरक दिसत नाही म्हटल्यावर प्रतिस्पर्धी आवाजावरून ओळखू लागले. मग सर्व्हिस करताना जमिनीवर पाय आपटायची पद्धत निघाली, रबराचा आवाज त्या धपक्यात बुडावा म्हणून. शेवटी एक बाजू लाल आणि एक काळी हा नियम १९८६ मध्ये पक्का झाला. २०२१पासून लालच्या जागी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळाही चालतो, काळा मात्र एका बाजूला हवाच. आमच्या पोरींना गुलाबी हवा असतो. माझा विरोध नाही. फक्त रंग निवडण्याआधी स्पंज निवडा, एवढंच म्हणणं.

तर हाताचा विषय. 'फील' या शब्दाला मराठीत एक शब्द सापडला नाही. मुलं म्हणतात, बॉल बसतो किंवा बॉल बसत नाही. मला हे वर्णन आवडतं. मऊ स्पंजावर चेंडू लगेच बसतो. हलक्या हातानंही तो आत जातो, खेळणाऱ्याला वेळ मिळाल्यासारखं वाटतं. टणक स्पंजावर तो बसवावा लागतो. कंबर, खांदा, मनगट सगळं लावून मारलं तरच स्पंज दबतो आणि त्याच्या पोटात दडलेला वेग बाहेर येतो. चिनी चिकट रबरं, उदाहरणार्थ हरिकेन ३, या दुसऱ्या जातीची. पत्रा इतका चिकट की नव्या रबरावर चेंडू टेकवून बॅट उलटी केली तर तो क्षणभर लोंबकळतो. चीनचा मा लाँग फोरहँडला हेच वापरायचा म्हणून इथली मुलं हटून बसतात. रबर येतं, हात यायचा राहतो. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर तासभर खेळणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला ते दगडासारखं लागतं, आणि मग तो मनगटानं ओढायला शिकतो. ती सवय मोडायला वर्ष जातं. या वर्षाची किंमत कुठल्याही पाकिटावर छापलेली नसते.

उलट टोकाला जपानी आणि जर्मन 'ताणलेली' रबरं. २००८ मध्ये बटरफ्लाय कंपनीनं टेनर्जी आणलं, २०१९ मध्ये डिग्निक्स. त्यांच्यामागे एक गंमतीदार इतिहास आहे आणि तो थेट आपल्या पंक्चरच्या दुकानात पोचतो. सत्तरच्या दशकात काही युरोपीय खेळाडूंच्या, त्यात हंगेरीचा तिबोर क्लांपार आणि युगोस्लाव्हियाचा द्रागुतिन शुर्बेक यांची नावं घेतली जातात, लक्षात आलं की सायकलच्या ट्यूबला लावायच्या सोल्यूशननं रबर ताजं ताजं चिकटवलं तर स्पंज फुगतो, ताणला जातो आणि चेंडू उसळी घेतो. मग जगभर सामन्याआधी रबर उपटायचं, सोल्यूशन लावायचं, पुन्हा चिकटवायचं, असा कार्यक्रम सुरू झाला. ड्रेसिंग रूममध्ये त्याचा वास भरून राहायचा. उडून जाणाऱ्या रसायनांचे ते गोंद आरोग्याला घातक म्हणून २००८च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर बंद झाले आणि पाण्यात विरघळणारे पांढरे गोंद आले. सोल्यूशननं येणारा तो ताण रबरातच भरायचा कारखान्यांचा प्रयत्न त्याआधीच सुरू झाला होता. आजच्या महाग रबरांच्या किमतीत या खटाटोपाचे पैसे आहेत. रबराला घरी तेल किंवा रसायन चोळून फुगवणं नियमात बसत नाही. चाकूरलाही ते कुणी करू नये. पंक्चरच्या दुकानातून सोल्यूशन आणून बॅट चिकटवलेला मुलगा मी पाहिलाय. १९७५ साली तो काळाच्या पुढे ठरला असता.

टिकाऊपणाच्या बाबतीत मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथं कंपन्यांचं काहीच कामाला येत नाही. त्यांची चाचणी चाकूरला झालेली नसते. एप्रिल-मे महिन्यात इथला पारा चाळिशीच्या वर जातो. हवा कोरडी, वारा धुळीचा, हॉल म्हणजे बहुतेक पत्र्याचा. रबर हा मुळात झाडाचा चीक. उन्हानं, उष्णतेनं आणि हवेतल्या प्राणवायूनं तो हळूहळू कडक होतो, त्याची पकड जाते. खेळून झिजणं वेगळं, पडून मरणं वेगळं. आमच्याकडे दुसऱ्या प्रकारची रबरं जास्त. मुलगा परीक्षेच्या तीन महिन्यांत बॅटला हात लावत नाही आणि एप्रिलमध्ये कपाटातून काढतो, तेव्हा पत्रा काचेसारखा चमकत असतो. नवं रबर मंद दिसतं, मेलेलं रबर चकाकतं. सोन्याच्या बरोबर उलट.

मी स्वतः एक चांगलं जपानी रबर असंच घालवलं. मे महिन्यातलं लग्न, बॅट मोटारसायकलच्या डिकीत, गाडी उन्हात. दुपारी साडेतीनला डिकी उघडली तेव्हा पाण्याचा गोंद सुटून रबराच्या कडा कढईतल्या पापडासारख्या वळल्या होत्या. पुन्हा चिकटवलं, पण चेंडू बसेना. आवाजही बदलला. आधीचा भरीव 'टुक्' जाऊन पोकळ 'टप्' आला. त्या दिवसापासून मी नोंदवही ठेवली. रबर लावल्याची तारीख स्पंजाच्या बाजूनं लिहायची, खेळलेले तास टिपायचे, आणि दर पंधरा दिवसांनी पंखा बंद करून डोळे मिटून दहा चेंडू ऐकायचे.

धुळीवर उपाय पाणीच. खेळ झाला की ओल्या मऊ फडक्यानं हलकं पुसायचं, सुकू द्यायचं, वर प्लास्टिकचा पातळ कागद लावून बॅट कव्हरमध्ये घालायची. अर्धी वाटी पाणी पुरतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला येत होतं, त्या दिवसांत हे सांगायला माझी जीभ रेटली नसती. तेव्हा मुलं बॅटवर तोंडाची वाफ सोडून तळहातानं पुसायची. तेही चालतं, फक्त तळहाताला आधी भेळ लागलेली नसावी.

स्वभावानुसार मरण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. १९६०च्या दशकापासून विकली जाणारी श्रायव्हर किंवा मार्क व्हीसारखी जुन्या घडणीची रबरं म्हाताऱ्या माणसासारखी हळूहळू थकतात. खेळणाऱ्याला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. ताणलेली आधुनिक रबरं बऱ्याच दिवसांपर्यंत झकास चालतात आणि मग आठवड्याभरात अंग टाकतात, नेमकी स्पर्धेच्या तोंडावर. चिकट चिनी रबरांचा चिकटपणा आधी जातो, पण त्यांचा पत्रा चिवट असतो. चिकटपणा गेल्यावरही ती साध्या रबरासारखी बरेच दिवस काम देतात. पिंपलच्या रबरांची खुंटी मुळाशी चिरते. एखाद-दुसरी तुटली की चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि पंच तपासणार असतील तर बॅट बादही होऊ शकते.

पिंपलवर या पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे आणि ते मी थोडं धाक घालूनच लिहिलंय. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्रानं बॅकहँडला लाँग पिंपल घेऊन सिंगापूरच्या फेंग तियानवेईला सांघिक आणि एकेरी अशा दोन्ही स्पर्धांत हरवलं. त्यानंतर गावोगावच्या पालकांना वाटू लागलं की उंच खुंट्यांचं रबर लावलं की झालं. लाँग पिंपल समोरच्याची फिरकी उलटी करून परत पाठवतं. समोरच्याला फिरकीच देता येत नसेल तर परत पाठवायला काही नसतं. तालुका पातळीवर ते गंमत म्हणून जिंकून देतं, आणि मुलाचा बॅकहँड आयुष्यभर तालुका पातळीवरच राहतो. आधी दोन वर्षं दोन्ही बाजूंना गुळगुळीत रबर, मग बोलू.

आता खिसा. इथं मी हट्टानं एकच पद्धत वापरली आहे, तासाचा हिशेब. समजा एक रबर ९०० रुपयांचं आहे आणि तुमच्या खेळात ते ६० तास नीट चालतं. तासाला १५ रुपये पडले. दुसरं ४,५०० रुपयांचं आहे आणि ९० तास चालतं. तासाला ५० रुपये. ठिबकचा संच घेताना शेतकरी एकराला किती हे विचारतो, नगाला किती हे विचारत नाही. रबराचंही तसंच. पण हिशेब इथं थांबवला तर तो अर्धवट राहतो. त्यातले किती तास तुमच्या मुलाला त्या रबराचा खरा उपयोग करता आला? टणक रबरातला निम्मा वेग ज्याच्या हाताला गाठताच येत नाही, त्याच्यासाठी तासाचा भाव दुप्पट झाला. आणि राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलीला स्वस्त रबर देऊन पैसे वाचवले, तर तो हिशेबही चुकला. तिचा हात रबराच्या पुढे गेलेला असतो, आणि ती जे शिकलीय ते चेंडूत उतरतच नाही. तेव्हा सुरुवातीच्या वडिलांना उत्तर असं: तुमच्या मुलीला, त्या वर्षी, ते रबर महाग नव्हतं. तिच्या धाकट्या भावाला आज घेतलं तर महाग आहे. त्याला मध्यम मऊ स्पंजाचं, १.८ मिलिमीटरच्या आसपासचं, साध्या घडणीचं रबर पुरेल, आणि उरलेल्या पैशांत डझनभर बरे चेंडू येतील.

मोठ्या गावातल्या दुकानात तयार चिकटवलेल्या बॅटा मिळतात. त्या वाईट असतात असं नाही, पण त्यांच्यावर कोणतं रबर आहे हे बहुधा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हँडलच्या जवळ रबरावर कंपनीचं नाव आणि महासंघाच्या मान्यतेची खूण छापलेली आहे का, हे एकदा बघून घ्या. नसेल तर ती बॅट वाड्यावर, सुट्टीत, पाहुण्यांसोबत खेळायला ठेवा.

नोंदींच्या पानांवर मी किमती छापलेल्या नाहीत. त्या दर हंगामात बदलतात, डॉलर हलला की हलतात. त्याऐवजी प्रत्येक रबरापुढे रिकामी चौकट आहे. आजची किंमत आणि तुमचे तास तुम्हीच पेन्सिलीनं भरा. फील, टिकाऊपणा आणि आवाजाच्या नोंदी माझ्या व माझ्याकडे खेळलेल्या मुलांच्या आहेत, चाकूरच्या हवेतल्या आहेत. कोकणातल्या दमट हॉलमध्ये चेंडू रबरावरून घसरतो, गोंद सुकायला वेळ घेतो, तिथल्या वाचकांनी टिकाऊपणाचे निष्कर्ष जसेच्या तसे घेऊ नयेत.

आभार मानायचे ते मुलांचे. त्यांनी जुनी रबरं फेकून न देता मला आणून दिली. ती सगळी बिस्किटाच्या मोठ्या डब्यात आहेत, प्रत्येकावर लावल्याची आणि उतरवल्याची तारीख. पंक्चर काढणाऱ्या एका शेजाऱ्यानं रबर सपाट बसवायला आपला लाकडी रूळ कायमचा देऊन टाकला, त्याचेही. डब्यात एकच रबर नाही, डिकीत वळलेलं ते जपानी. आमच्या हॉलची फरशी एका कोपऱ्यात खचली आहे आणि तिथं टेबलाचा पाय हलायचा. त्या रबराची चार घड्या घालून ते पायाखाली सरकवलंय. त्याच्या तासांचा हिशेब वहीत अजून चालू आहे, आणि भाव रोज उतरतोय.

चाकूर, जि. लातूर